सोड्यांच्या डब्यातली गोळी

तारापूरच्या कारखान्यांना लागून असलेल्या पाम गावात, आमच्या घराच्या पत्र्यावर एक बांबू उभा केलेला होता आणि त्याच्या टोकाला आईच्या जुन्या पातळाची निळी पट्टी बांधलेली होती. पाहुणे विचारायचे, कुठल्या देवाचा हो हा झेंडा? बाबा म्हणायचे, "वाऱ्याचा." बाबा रसायनांच्या कारखान्यात रिअ‍ॅक्टर, म्हणजे रसायनं शिजवायचं मोठं बंद पिंप, चालवायचे. किनाऱ्यावरच्या नवापूरची होडी काकांच्या ताब्यात देऊन ते नोकरीला लागले, पण वारा बघायची दर्यावरची खोड काही सुटली नाही. सकाळी दात घासता घासता आधी पट्टीकडे बघायचे, मग आभाळाकडे, मग आमच्याकडे. कारखान्याकडून वारा असला की त्या दिवशी आईला चार वेळा बजावणार, "खिडकी लावून घे." दुसऱ्यांचे बाप पोरांकडून पाढे पाठ करून घेतात, माझ्या बापाने माझ्याकडून हे पाठ करून घेतलं होतं: गॅस सुटला तर वाऱ्याबरोबर पळायचं नाय, आडवं पळायचं. तोंडावर ओलं फडकं धरायचं. भांडी, दप्तर, मासळी, काय बी उचलायला थांबायचं नाय. आई हसायची. म्हणायची, "दर्याला नाय भ्याले कदी, आन पत्र्याच्या पिंपाला भितात. भित्री भागूबाई!" बाबा हसायचे नाहीत. ते म्हणायचे, "दर्या दिसतो गं. हे दिसत नाय."

आई भांडखोर होती. हे मी कौतुकाने सांगतेय. मासळीवालीशी, नळावरच्या बायकांशी, रेशनवाल्याशी भांडायची, आणि एकदा एसटीच्या कंडक्टरशी अशी भांडली, की त्याने फाट्याऐवजी आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी केली आणि वर हात जोडले. अशी बाई एका वर्षी भांडेनाशी झाली. आधी माझ्या लक्षातच आलं नाही. घर शांत आहे, बरं वाटलं. मग बोंबलाच्या कालवणात चिंच नसायची, पुढे मीठही नसायचं. मागच्या पायरीवर विळी मांडून बसायची, पाटीत मासळी तशीच, त्यावर माश्या, आणि ही समोरच्या भिंतीकडे बघतेय. "काय झालं आई?" "काय नाय." "दुखतंय का कुठे?" "नाय गं." तिच्या भाकऱ्या हातावर थापलेल्या, तांदळाच्या, गोल, शेजारच्या बायका बघायला यायच्या अशा, त्या आता एका बाजूला जाड, एका बाजूला फाटक्या. मी शाळेतून आले की सकाळी जिथे बसलेली तिथेच ती दिसायची.

कारण काहीच नव्हतं. कोणी मेलं नव्हतं, कोणी बुडालं नव्हतं, बाबा दारूला शिवत नव्हते. आणि कारण नाही हेच कोणाला सहन होईना. नवापूरहून आत्या आली, बाबांची थोरली बहीण. तिने मीठ-मिरच्या ओवाळल्या, मग आईच्या समोर बसून म्हणाली, "आपल्या घरात आजून येडं कोन नाय झालं. पोर मोठी व्हतेय, हिला उद्या कोन करील? ऊठ, चूल पेटव, सगळं बरं व्हईल." आई उठली, चूल पेटवली. बरं काही झालं नाही. पण त्या दिवसापासून ती 'येडं' या शब्दाला भ्यायला लागली, आणि मी तिला.

शेवटी तिचं तिनेच ठरवलं, याचं मला आजही नवल वाटतं. माझ्या शाळेचा ड्रेस घ्यायचाय असं सांगून ती मला घेऊन पालघरला गेली. तिला तेव्हा रस्ता एकटीने ओलांडता येत नव्हता, मध्येच उभी राहायची, म्हणून मी. मनाच्या आजारांचे डॉक्टर, वयस्क, सावकाश बोलणारे. त्यांनी सांगितलं, की मेंदूत एक द्रव्य असतं, सिरोटोनिन म्हणतात त्याला, झोप, भूक, मनाची उभारी या सगळ्यात त्याचा हात असतो. ही गोळी ते टिकवून धरते. लगेच काही वाटणार नाही, तीन-चार आठवडे दम धरा. मनानेच बंद करू नका. आणि मग म्हणाले, "दुसरी कुठलीही गोळी मला विचारल्याशिवाय घ्यायची नाही, साधी अंगदुखीचीसुद्धा." आईने मान हलवली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातला हत्ती बघत होते. पण ऐकलं होतं मी. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे सारवासारव करायची सोय राहायला नको.

एसटी स्टँडवर तिने मला उसाचा रस पाजला. ग्लास खाली ठेवू दिला नाही, त्याआधीच माझा दुसरा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "घे शपत. बाबांना नाय, आत्याला नाय, कोनालाच नाय सांगायचं. माज्या गळ्याची शपत. बोललीस तर मी मेली समज." माझ्या बोटांखाली तिची शीर टुकटुक उडत होती. मी म्हटलं, "शपथ." आता कोणी म्हणेल, आठवीतली घोडी ती, शपथेला काय घाबरायचं? तर सांगते, आमच्याकडे गळ्याची शपथ म्हणजे थट्टा नव्हती. ज्याने घातली त्याने 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही, आणि त्याआधी मोडली तर ज्याच्या गळ्याची, तो जातो. शाळेत आम्ही पेन्सिलीवरून शपथा घालायचो आणि घरी जायच्या आधी रडून-भेकून 'सुटली म्हण, सुटली म्हण' करत सोडवून घ्यायचो. आईने घातली ती सोडवायची राहिली.

गोळ्या तिने सोड्यांच्या डब्यात ठेवल्या. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, पाहुणे आले तरच निघणारी. तो डबा आमच्या घरात देवासारखा वर फळीवर, झाकण घट्ट, आईखेरीज कोणी हात लावायचा नाही. रोज सकाळी बाबांची पाठ वळली की ती डबा काढायची, गोळी गिळायची आणि वर पाणी. पहिले दोन आठवडे काहीच नाही, उलट पोटात मळमळ. चौथ्या आठवड्यात मी शाळेतून येत होते तर गल्लीच्या तोंडाशीच ऐकू आलं: "हे बोंबील कवाचे गं, तुज्या वरातीतले काय?" मासळीवाली खाली बसलेली, आई कमरेवर हात देऊन उभी. मी दप्तरासकट जाऊन तिला मागून मिठी मारली आणि भर गल्लीत रडले. मासळीवालीला वाटलं बोंबलांवरून रडतेय. तिने दोन जास्त टाकले.

आता प्रमिलामावशी. आमच्या भिंतीला भिंत. ती गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. पत्त्यात, म्हणजे गोळ्यांच्या चंदेरी पाकिटात, भरताना खाली सांडलेल्या, उडालेल्या गोळ्या ती घरी आणायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत, सुट्या, बिननावाच्या. नेमात बसणारं नव्हतं ते, पण आमच्या घरांच्या ओळीत कोणी डॉक्टरकडे जात नसे, प्रमिलामावशीच्या दारात जायचे. पिवळी तापाची, लहान गुलाबी सर्दीची, लांबट पांढरी कमरेची. बोरं वाटावीत तशी ती वाटायची, मूठभर, हसत. बोईसर-तारापूरकडे अर्धं गाव औषधं बनवतं आणि कुठली कशाची हे फक्त रंगावरून ओळखतं, हा आमचा शहाणपणाचा कळस! आज मी स्वतः औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते, आणि कोणी सुटी गोळी तळहातावर आणून "अशी द्या" म्हटलं की माझं डोकं फिरतं. गिऱ्हाईक मला खडूस म्हणतात. म्हणू देत.

दिवाळीची सुट्टी होती. आदल्या दिवशी कारखान्यात पाइपाचा जोड गळला होता आणि बाबांच्या कामाच्या कपड्यांवर शिंतोडे उडाले होते. बाबांनी ते कपडे बाहेर दोरीवर वेगळे टाकले आणि म्हणाले, "ह्याला हात लावू नको, मी धुतो." सकाळी ते ड्युटीवर गेले तेव्हा आईने उचलून धुवून टाकले. का, तर बरी झाली होती ना! दगडावर आपटून, घासून, बादल्या ओढून धुतले आणि तिची कमर धरली. वाकता येईना. मी होते हुशार. गेले शेजारी, "मावशी, कमरेची द्या." मावशीने चार ठेवल्या हातावर. दहा वाजता एक दिली. आई म्हणाली, "डॉक्टर नको बोललेले ना गं?" मी म्हटलं, "एवढ्याने काय होतंय? सगळी गल्ली खाते." फरक पडला नाही म्हणून बाराला दुसरी. एकच्या सुमाराला उरलेल्या दोन्ही. आणि पालघरच्या डॉक्टरांनी आठवड्यापूर्वीच तिच्या सकाळच्या गोळ्या एकीच्या दोन केलेल्या होत्या, तेही मला माहीत होतं. पुस्तकात वाचलेल्या नर्सबाईसारखी मी तिच्या उशाशी बसले होते, स्वतःवर बेहद्द खूश.

दोन वाजायच्या आत आई उठून बसली. मला वाटलं, गुण आला. ती फळ्या पुसायला लागली. मग भांडी काढून परत लावायला लागली, भराभर, काहीतरी बोलत, मध्येच हसत. "आई, कमर?" "कसली कमर? गरम किती होतंय गं, दार उघड." घाम असा, की ब्लाऊज पिळून निघेल. पोटात कळ आली म्हणून दोनदा मागे धावली. परत आली तेव्हा दात वाजत होते. गुडघे आपोआप उडत होते, पलंगाची फळी खडखड वाजत होती. आणि डोळे! बाहुल्या एवढ्या मोठ्या झालेल्या, की डोळ्यात बाकी काही उरलंच नव्हतं. माझ्याकडे बघून तिने मला प्रमिलामावशीच्या नावाने हाक मारली. 

साडेतीनला पहिल्या पाळीचे बाबा आले. ते दारातूनच म्हणाले, "वास येतोय." वास होता खरा, पामला तो आठवड्यातून चारदा असायचा, सडक्या फळांसारखा, आणि वर पट्टी कारखान्याकडून आमच्याकडे ताठ उडत होती. मग त्यांना आई दिसली, आणि तिच्यामागे दोरीवर धुऊन वाळत घातलेले कामाचे कपडे. मी माझ्या बापाचा चेहरा तसा कधी बघितला नाही, नंतरही नाही. "ते कोनी धुतले? कोनी धुतले ते?" आई हसली. बाबांनी तिला उचलून नळाखाली बसवलं, अंगावरच्या कपड्यांसकट, आणि बादल्यांवर बादल्या ओतल्या. ओतताना रडत होते. "मी आनलं घरात. मी माज्या हातानी आनलं." तेवढ्यात ओळीत कोणीतरी ओरडलं, "गॅस! गॅस लागला!" आणि मग काय, सगळी ओळ बाहेर. ओले टॉवेल तोंडाला, पोरं काखेत, प्रमिलामावशीच्या नाकाला परकर. बाबांनी साऱ्या ओळीलाच शिकवून ठेवल्याप्रमाणे सगळे वाऱ्याला आडवे, रेल्वेच्या बाजूला पळत सुटले. पलीकडच्या ओळीत राहणारा बिहारी टेम्पोवाला तेवढा उलटा आला. म्हणाला, "भाईसाब, भाभी को पीछे लिटाओ, जल्दी." मी एकटी तिथे अशी होते जिला माहीत होतं, की हा गॅस नाही. आणि मी तोंडाला ओलं फडकं लावून उभी होते.

टेम्पोतून तिला बोईसरला नेलं, तिथला दवाखाना लहान होता, सहा खाटांचा. डॉक्टर तरुण, कारखान्यातले अपघात बघून सरावलेले. बाबांनी त्यांना रसायनाचं नाव घडाघडा सांगितलं. नर्सने आईच्या छातीला तारा लावल्या आणि यंत्र टिकटिकायला लागलं, इतकं भराभर, की ठोके वेगळे ऐकूच येईनात. ताप काखेत मोजला, डॉक्टरांनी काच दोनदा झटकून परत लावली. गळ्याची शीर तर लांबूनही दिसत होती, उसाच्या रसाच्या दिवशी माझ्या बोटाखाली होती तीच, आता बाहेर पडेल अशी उडत होती. डॉक्टर म्हणाले, "विषबाधाच दिसतेय, इंजेक्शन भरा." मग डोळ्यात बॅटरी मारली आणि थांबले. परत मारली. "ह्या रसायनाच्या विषाने बाहुल्या बारीक व्हायला हव्या होत्या," स्वतःशीच बोलले. आईचं पाऊल धरून वर दाबलं, तर ते थांबेचना, त्यांच्या हातात धडधड नाचत राहिलं. नर्स सुई घेऊन उभी. डॉक्टर म्हणाले, "हे दिलं आणि विष नसलं, तर हृदय आणखी पळेल. आत्ताच ते सांभाळत नाहीये." आणि वळून विचारलं, "ह्या कसल्या गोळ्या घेतात? आठवा नीट. कुठल्याही." बाबा म्हणाले, "रगत वाढायची पन नाय घेत डॉक्टर. ती कसलीच गोळी नाय खात."

भीती काय असते ते मला विचारा. बोलले तर आई मरते, कारण शपथ. नाही बोलले तरी मरते. आणि बोलले तर ती मी दिलेल्या गोळ्यांनी मरतेय हे बाबांना कळतं. मी खाटेपाशी गेले, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "आई, सुटली म्हण. एकदाच म्हण ना गं. सुटली म्हण." तिचा जबडा आवळलेला, ओठांना फेस. ती माझ्याकडे बघत होती की माझ्यातून पलीकडे, कळत नव्हतं. "सुटली म्हण ना!" मी ओरडले. बाबांनी मला दंड धरून मागे ओढलं, "काय येड्यासारखी करतेस?" तो शब्द कानावर पडला आणि माझ्यात काहीतरी तुटलं. मी सगळं एका दमात ओकले. पालघरचे डॉक्टर, सोड्यांचा डबा, सकाळच्या दोन गोळ्या, कमरेच्या चार. "मी दिल्या," म्हटलं. "बाबा, मी दिल्या." आणि डोळे घट्ट मिटून घेतले, कारण आता यंत्र थांबणार होतं.

यंत्र थांबलं नाही. डॉक्टरांनी नर्सच्या हातातली सुई काढून ट्रेमध्ये टाकली. "घरी जा आणि दोन्ही गोळ्या घेऊन या. पळा!" टेम्पोवाला आणि बाबा गेले. परत आले तेव्हा बाबांच्या हातात अख्खा डबा होता, आणि बरोबर प्रमिलामावशी, नाकावरचा परकर आता छातीशी गच्च धरलेला. डॉक्टरांनी पत्ता बाहेर काढला, वास आला तसं नाक मुरडलं आणि नाव वाचलं. "फ्लुओक्सेटीन. आणि पांढरी?" मावशीने दार लागलंय का बघितलं. ती कुठून आणते हे बोलली तर नोकरी जाणार, तिच्या घरात ती एकटी कमावती. म्हणाली, "पत्त्यावरचं नाव मला पाठ हाय साहेब, दिवसभर डोळ्यांपुढून तेच जातंय," आणि सांगून टाकलं: ट्रामाडॉल. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला आणि मुंबईला फोन लावला, आपल्या सरांना. फोन ठेवून बाबांना म्हणाले, "कोपऱ्यावरच्या दुकानातून पोरांची भूक वाढवायची गोळी आणा, हे नाव." बाबा बघतच राहिले. "भुकेची?" "हो, अंगात जास्त झालेल्या सिरोटोनिनला ती अडवते. आणा." ज्या गोळ्या आमच्या गल्लीतली हाडकुळी पोरं खाऊन पेज मागायची, त्या चुरून, नाकातून नळी घालून आईला दिल्या. झटके शमवायचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, पंखा लावला आणि ओल्या चादरी घातल्या. मला कोणी काही काम सांगितलं नाही, म्हणून मी चादरी पिळत राहिले.

संध्याकाळी, यंत्राचे ठोके थोडे वेगळे ऐकू यायला लागल्यावर, डॉक्टरांनी बाबांना बाकावर बसवून समजावलं. "तुमच्या बायकोच्या गोळीने सिरोटोनिन परत शोषलं जायची वाट बंद केली होती. ते चांगलंच होतं, त्यानेच त्या बऱ्या झाल्या. पण कमरेच्या गोळीनेही तेच केलं, आणि वर आणखी सोडलं. फार झालं की ते डोकं, स्नायू, पोट, हृदय, कशालाच सोडत नाही." बाबा खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे आउटलेट बंद, आन इनलेट उघडा." डॉक्टर म्हणाले, "बरोबर." "मंग रिअ‍ॅक्टर तापनारच," बाबा म्हणाले. "आमी आधी फीड, म्हंजे आत येनारा माल, बंद करतो, मंग थंड पानी चालू करतो." "आम्हीपण तेच केलं," डॉक्टर म्हणाले. मी आयुष्यात पुष्कळ डॉक्टरांची बोलणी ऐकली, काउंटरवर पुस्तकंही चाळली, पण इतकं सरळ मला कोणी सांगितलं नाही. बाबांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. त्यांनी माझे चादरी पिळून सुरकुतलेले हात बघितले आणि आपल्या शर्टाला पुसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचे गुडघे थांबले. डोळ्यात परत डोळे दिसायला लागले. बाबा स्टुलावर बसलेले, मांडीवर सोड्यांचा डबा, कोणी घ्यायला सांगितला नव्हता तरी. ते म्हणाले, "मला का नाय सांगितलंस?" आईचा आवाज घोगरा झाला होता. "तुमाला भीती वाटली असती." बाबा म्हणाले, "मला रोजच वाटते. आनखी एक वाटली असती." मी खिडकीतून टेम्पो मोजत राहिले.

पुढे थोड्या दिवसांनी पालघरच्या डॉक्टरांनीच गोळी परत सुरू केली, कमी करून. ती आता भिंतीवरच्या घड्याळाखाली उघड्यावर असायची. आत्या आली, बघितलं, तोंड उघडलं. बाबा तिला म्हणाले, "डोक्याची गोळी हाय ती. तुज्या बी.पी.ची असते तशी. चहा घेतेस?" बाबांची पहिली पाळी असली, की ते निघताना स्वतःच्या हाताने तिला गोळी-पाणी द्यायचे आणि कॅलेंडरवर टिक करायचे, कारखान्यातल्या नोंदीसारखी, वेळेसकट. प्रमिलामावशीचं कारखान्यात कोणी नाव घेतलं नाही, पण तिने पिशवी आणणं बंद केलं. आमच्या ओळीला वर्षभर तिचा राग होता.

माझी शपथ तेवढी लटकत राहिली. आई 'सुटली' म्हणाली नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही. तुम्ही हसाल. पण तिला साधा ताप आला तरी मला वाटायचं, हे त्याचंच. उशिरा का होईना, वसूल होतंय. माझं लग्न झालं, मुलं झाली, बाबा गेले, तेही शांतपणे, वारा दर्याकडून असताना. दुकानात लोकांना दुसऱ्या गोळ्या विचारून विचारून मी जिभेला घट्टे पाडले. आणि तरी आईचा फोन आडवेळी वाजला की माझा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे जायचा.

गेल्या महिन्यात तिला छातीत धडधडतं म्हणून तपासायला नेलं. तेच बोईसर, पण मोठं इस्पितळ, काचेचे दरवाजे. तिच्या छातीला परत तारा लावल्या. नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, कुठल्या गोळ्या चालू आहेत?" मी तोंड उघडायच्या आत आईने पिशवीतून कागद काढला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी वाचायला लागली, पहिलीच मनाची, नावासकट. पलीकडच्या खाटेवरची बाई बघायला लागली तर तिच्याकडे वळून म्हणाली, "बगतेस काय? तू बी सांग तुज्या." डॉक्टरीणबाई हसल्या, यंत्रातून निघालेली कागदाची पट्टी बघून म्हणाल्या, काही नाही, वयाचं आहे. त्या गेल्यावर तारा काढायला कोणी येईना. आम्ही दोघीच होतो. यंत्र सावकाश टिकटिकत होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, ती शपथ. तू कधी सुटली म्हणालीच नाहीस."

ती माझ्याकडे बघत राहिली. "कंची? पालघरची?" मग म्हणाली, "अगं येडे, मी तवाच म्हटलेलं. त्या खाटेवर. तू कानाशी वरडत हुतीस, सुटली म्हण, सुटली म्हण. मी म्हनत हुते, सुटली, सुटली, सुटली. तोंडच उघडत नवतं." तिने माझा हात ओढून गळ्यावर ठेवला. "तू बोलली नसतीस तर मी मेली असती ना गं. इतकी वरसं भीत ऱ्हायलीस?" शीर माझ्या बोटाखाली हळू उडत होती. आणि ती माझ्यावर खेकसली, "इचारायचं नाय का!"